कारखान्यांशेजारच्या वस्तीतल्या हवेची धूळ वापरून चित्र कसं करता येईल?

रंगाशिवाय, नुसत्या धुळीने चित्र उमटतं. लॉस एंजेलिसमध्ये चित्रकार किम एबल्स यांनी १९८७ पासून हेच केलं: स्टेन्सिल (आकार कापलेला साचा) लावलेल्या प्लेट गच्चीवर ठेवायच्या, कण बसू द्यायचे, मग स्टेन्सिल उचलायचं. अमेरिकी राष्ट्राध्यक्षांची चित्रंही त्यांनी अशी केली. पर्यावरणाबाबत ज्याची कामगिरी वाईट, त्याची प्लेट जास्त दिवस बाहेर!

तुम्ही पांढरी, गुळगुळीत टाइल घ्या. अ‍ॅक्रिलिक नको, स्थिर विजेमुळे ते जादा धूळ ओढतं. स्टेन्सिल पातळ प्लास्टिकचं कापा आणि फक्त टाइलच्या बाहेरच्या कडांना टेप लावा. स्टेन्सिलच्या मागे गोंद असला तर त्याचा अंश राहून धूळ धरतो, रेघ पसरट होते. टाइल आडवी, उघड्यावर, तीन-चार आठवडे ठेवा. पाऊस आला की सगळं वाहून जातं, म्हणून कोरडा हंगामच निवडा.

खरी गडबड होते फिक्सेटिव्ह, म्हणजे धूळ पक्की बसवणारा स्प्रे, मारताना. जवळून मारलं की झोताने कण उडतात. ३०-४० सेंमीवरून, टाइलच्या वरच्या हवेत फवारा सोडा, तुषार आपोआप खाली बसू द्या. वाळल्यावर दुसरा हात.

कारखान्यांशेजारच्यांच्या वाट्याला जास्त धूळ येते हा अन्याय डोळ्यांना दिसायला हवा असेल तर त्याच शहरातल्या स्वच्छ वस्तीतही तशीच टाइल, त्याच दिवसांत, तितक्याच उंचीवर ठेवा आणि दोन्ही शेजारी मांडा. मात्र याने पीएम २.५ (हवेतले अतिसूक्ष्म कण) मोजलं जात नाही, बसते ती बहुतेक जाड धूळ. आकडे हवेत तर सेन्सर वेगळा लावा. स्टेन्सिल उचलताना मास्क, हातमोजे घालाच. या धुळीत शिसं असू शकतं.