परदेशातील शाळेत सहा आठवडे: करिअरला उपयोग किती?

सप्रेम नमस्कार,

तुमचे पत्र मिळाले. मुलगी मानसशास्त्राच्या पदवीच्या दुसऱ्या वर्षात आहे, येत्या सुट्टीत सहा आठवडे परदेशातील एका प्राथमिक शाळेत स्वयंसेविका म्हणून जायचे तिने मनाशी पक्के केले आहे, नेणाऱ्या संस्थेने त्यासाठी चांगलेच शुल्क सांगितले आहे आणि पुढे बालविकास किंवा शिक्षणशास्त्राकडे वळताना या प्रमाणपत्राचा कितपत उपयोग होईल, असा तुमचा प्रश्न आहे. प्रमाणपत्रापुरते उत्तर एका ओळीत देता येईल: फारसा होणार नाही. अनुभवाचा मात्र होऊ शकेल आणि तो होईल की नाही, हे तिला वर्गात नेमके कोणते काम दिले जाणार आहे, यावर अवलंबून आहे.

तुम्ही सोबत पाठवलेल्या माहितीपत्रकात ‘पहिल्याच दिवसापासून स्वतःचा वर्ग स्वतंत्रपणे सांभाळण्याची संधी’ असे ठळक अक्षरांत छापले आहे. बहुतेकांना त्याचेच आकर्षण वाटते. मला मात्र ती धोक्याची खूण वाटते. अध्यापनाचे कोणतेही प्रशिक्षण नसलेल्या आणि मुलांची भाषा न येणाऱ्या एकोणीस वर्षांच्या मुलीच्या हाती सहा-सात वर्षांच्या मुलांचा वर्ग सोपवला जातो, तेव्हा एक तर त्या वर्गाला शिक्षक नसतो, किंवा असलेल्या शिक्षकाला पाहुणीसाठी बाजूला बसवलेले असते. शिक्षक नसेल, तर ती परतल्यावर वर्ग पुन्हा पोरका होतो. शिक्षक असेल, तर दर काही आठवड्यांनी नवा चेहरा येऊन तेच रंग, तेच आकडे आणि तीच गाणी पहिल्यापासून सुरू करतो. आपल्या मुलाच्या पहिलीच्या वर्गात वर्षभरात असे पाच-सहा पाहुणे आलेले कोणत्या पालकाला चालतील?

हा अनुभव मोठ्या संस्थांनीही घेतलेला आहे. ब्रिटनमधील व्हीएसओ (व्हॉलंटरी सर्व्हिस ओव्हरसीज) ही संस्था 1958 मध्ये सुरू झाली, तेव्हा नुकतेच शालेय शिक्षण संपवलेल्या तरुणांना ती परदेशात शिकवायला पाठवत असे. पुढील दोन दशकांत तिने ती पद्धत सोडली आणि व्यवसायाचे शिक्षण व अनुभव असलेली माणसे अधिक मुदतीसाठी पाठवण्याकडे ती वळली. परदेशात स्वयंसेवक पाठवणाऱ्या पीस कोअर या अमेरिकी सरकारच्या संस्थेची पहिली तुकडी 1961 मध्ये घानात उतरली, ती शिक्षक म्हणून काम करायलाच. तेथील नेहमीची मुदत प्रशिक्षणासह 27 महिन्यांची असते. या मुदतीच्या तुलनेत सहा आठवडे म्हणजे मुलांची नावे पाठ होईपर्यंतचा काळ.

तरीही सहा आठवडे वाया जातीलच, असे नाही. वर्गशिक्षिकेच्या हाताखाली मदतनीस म्हणून राहायचे, तीन-चार मुलांचा गट घेऊन ती सांगेल तोच भाग करून घ्यायचा आणि उरलेल्या वेळात पाहायचे, अशी रचना असेल, तर शाळेचे काही बिघडत नाही आणि जाणारीच्या पदरात पुष्कळ पडते. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे आलेली एक विद्यार्थिनी अशीच दोन महिने राहून आली होती. तिने मला प्रमाणपत्र दाखवले नाही, वही दाखवली. तिच्या गटातील एक मुलगा एक ते वीस खडाखड म्हणत असे, पण समोर अकरा खडे ठेवले की कधी बारा सांगे, कधी तेरा. तीन दिवस त्याच्या बोटाकडे पाहिल्यावर तिच्या लक्षात आले की बोट पुढच्या खड्यावर पोहोचण्याआधीच तोंडातून पुढचा आकडा निघून जात होता. शिक्षिकेला विचारून तिने त्याला मोजलेला प्रत्येक खडा उचलून डब्यात टाकायला लावले आणि मोजणी हाताच्या वेगाने होऊ लागली. नोंद जेमतेम पानभराची होती, पण पुढे प्रवेशाच्या मुलाखतीत तिला सर्वाधिक प्रश्न त्या पानावरच विचारले गेले. याउलट, ‘त्या निरागस चेहऱ्यांवरील हास्याने मला जगायला शिकवले’ हे वाक्य अर्जांमध्ये मी इतक्या वेळा वाचले आहे की ते दिसताच हात आपोआप खोडायच्या पेन्सिलीकडे जातो.

माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर ‘दुपारनंतर अनाथालयातील मुलांना माया देण्याचा कार्यक्रम’ आहे. याबाबत माझे मत ठाम आहे: तो कार्यक्रम तिने घेऊ नये. अशा संस्थांत राहणाऱ्या अनेक मुलांचे आई किंवा वडील हयात असतात आणि पाहुण्यांचा व देणग्यांचा ओघ सुरू राहावा म्हणून मुले घरापासून तोडली गेल्याची उदाहरणे वेगवेगळ्या देशांत उघडकीस आलेली आहेत. 2019 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने बालहक्कांवरील ठरावात, अनाथालयांतील स्वयंसेवेच्या कार्यक्रमांमुळे होणारी हानी रोखावी, असे म्हटले. त्याशिवाय, ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांचा, मूल आणि त्याला सांभाळणारी व्यक्ती यांच्यातील जिव्हाळ्याच्या बंधाविषयीचा सिद्धांत तुमच्या मुलीच्या वाचनात येईलच. जीव लावायचा आणि महिन्या-दीड महिन्याने निघून जायचे, हे त्याच त्या मुलांच्या बाबतीत वारंवार घडले तर काय होते, याचा विचार तिने त्या अंगानेही करावा.

आता करायच्या गोष्टी. शुल्काचा पहिला हप्ता भरण्याआधी मुलीने संस्थेला नव्हे, तर थेट शाळेला पत्र लिहावे. वर्गशिक्षिका कोण आहेत, मी असताना त्या वर्गात असतील ना, एखाद्या मुलासोबत मला एकटीने राहावे लागेल का, मुलांची छायाचित्रे काढण्याबाबत शाळेचा नियम काय आणि मी भरणार असलेल्या रकमेतील किती वाटा शाळेपर्यंत पोहोचतो, हे तिने स्पष्टपणे विचारावे. संस्थेने तिच्याकडे पोलिसांचा चारित्र्य पडताळणीचा दाखला मागितला आहे का, हेही पाहा. मागितला नसेल, तर तो कोणाकडेच मागितला जात नसणार आणि उद्या त्याच वर्गात कोण येऊन उभे राहील, हे कोणालाच सांगता येणार नाही. व्हिसाबाबत ‘पर्यटक म्हणूनच या, कोणी विचारत नाही’ असे उत्तर मिळाले, तर तेथेच थांबावे. अनेक देशांत त्या व्हिसावर विनावेतन कामही नियमबाह्य ठरते आणि त्याची नोंद पुढील शिक्षणासाठी व्हिसा मागताना आडवी येऊ शकते. शुल्क घेतले म्हणजे फसवणूक, असे मी म्हणणार नाही. राहण्याचा आणि देखरेखीचा खर्च असतोच. मात्र त्याचा हिशेब मिळायला हवा.

शाळेकडून, शक्यतो शिक्षिकेकडूनच, नीट उत्तर आले, तर तिला जरूर जाऊ द्या आणि जमल्यास मुदत आणखी थोडी वाढवून घ्या. निघण्यापूर्वी तेथील भाषेतील शे-दीडशे शब्द आणि वर्गात लागणाऱ्या साध्या सूचना तिने पाठ कराव्यात. उत्तर आले नाही, तर ही सुट्टी तिने स्वतःला समजणाऱ्या भाषेतील एखाद्या पहिलीच्या वर्गात, शिक्षिकेच्या परवानगीने, मागच्या बाकावर वही घेऊन बसण्यात घालवावी. दोन्हींपैकी काहीही झाले, तरी पहिल्या दहा दिवसांच्या नोंदी तिने मला पाठवाव्यात, म्हणजे पदव्युत्तर अर्जासाठी त्यांतील काय उपयोगी पडेल, हे पाहता येईल.