घरातल्या सर्वांसाठी सिनेमा निवडताना

प्रश्न: पूर्वी शनिवारी कॅसेट लायब्ररीत गेलो की दुकानदारच सांगत असे, "हा नेऊ नका, घरात लहान मुले आहेत." आता टीव्हीवर चार-पाच ॲप आहेत, तरी सहा आणि अकरा वर्षांच्या नातवंडांसोबत सिनेमा लावला की मध्येच रिमोट शोधण्याची धांदल उडते. सर्वांनी एकत्र पाहण्याजोगा सिनेमा निवडावा कसा?
— एक आजोबा, सांगली

उत्तर: त्या दुकानदाराला आपले घर ठाऊक होते, ॲपला ठाऊक असते ते एवढेच की त्या प्रोफाइलवर आजवर काय पाहिले गेले. म्हणून समोर येणाऱ्या शिफारशींपेक्षा वयोगटाच्या चिन्हाकडे आधी पाहावे. 2021 च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार ओटीटीवरील, म्हणजे इंटरनेटवरून सिनेमे दाखवणाऱ्या अशा ॲपवरील, चित्रपटाला 'यू' (सर्वांसाठी), 'यूए 7+', 'यूए 13+', 'यूए 16+' (त्या वयाखालच्या मुलांनी पालकांच्या देखरेखीखाली पाहावा असा) किंवा 'ए' (फक्त प्रौढांसाठी) यांपैकी एक गट द्यावा लागतो आणि हिंसा, भाषा, नग्नता अशी त्यामागची कारणेही सुरुवातीला दाखवावी लागतात. ही कारणे काही क्षणांत पडद्यावरून जातात आणि नेमकी तेव्हाच घरात चिवड्याच्या वाट्या भरणे चालू असते. तेव्हा चित्रपट लावण्यापूर्वीच त्याच्या माहितीत ती वाचून घ्यावीत.

चित्रगृहासाठीचे प्रमाणपत्र सेन्सॉर बोर्ड देते, ओटीटीवरचा गट मात्र ते ॲप चालवणारी कंपनी स्वतः ठरवते. त्यामुळे चित्रगृहात पाहिलेली प्रत आणि ॲपवरची प्रत तंतोतंत एकच असेल, असे गृहीत धरू नये.

आपल्याकडे माप धाकट्या नातवंडाचे धरावे, म्हणजे शक्यतो 'यू'. 'यूए 7+' असल्यास घरातल्या एखाद्या मोठ्या माणसाने तो आधी पाहिलेला बरा. अर्थात 'यू' म्हणजे रंजक असे नव्हे, कित्येक 'यू' चित्रपट मुलांनाच कंटाळवाणे वाटतात. 2014 चा, सर्वोत्कृष्ट बालचित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला 'एलिझाबेथ एकादशी' घ्या: पंढरपुरातल्या यात्रेत आपली सायकल विकली जाऊ नये म्हणून बांगड्या विकायला बसलेली मुले पाहताना अकरा वर्षांचे नातवंडही रमेल आणि आपणही.

राहिला प्रश्न कुलपाचा. 'यूए 13+' आणि त्यावरील गटांसाठी पालकांना लॉकची सोय देणे कंपन्यांना बंधनकारक आहे. ती वापरावी, मुलांचे प्रोफाइल वेगळे करावे आणि पिन म्हणून कोणाचीही जन्मतारीख ठेवू नये. अकरा वर्षांचे नातवंड सर्वप्रथम तीच टाकून पाहील.