टेकडीवर कुणीतरी वाट बघत असलं पाहिजे

गेल्या काही आठवड्यांत पीएचडी करणाऱ्यांची आणि त्यांच्या घरच्यांची जी पत्रं आली, त्यांत एकच तक्रार वेगवेगळ्या शब्दांत होती: काम सुटत नाही आणि बाकी सगळं सुटत चाललंय. मी 26 वर्षं जीवशास्त्राची प्रयोगशाळा चालवली, 11 जणांची गाईड होते. पत्रं वाचताना त्यांतले बरेच चेहरे डोळ्यांसमोर आले. त्यांपैकी पाच पत्रांना इथे उत्तर देते.

प्रश्न : मी पुण्यात ऑरगॅनिक केमिस्ट्रीत पीएचडी करतो, तिसरं वर्ष. सकाळी साडेनऊला लॅबमध्ये शिरतो, रात्री दहाला निघतो. एमएस्सीला रोज बॅडमिंटन खेळायचो, आता वजन 9 किलोंनी वाढलंय. कधी खेळायला गेलोच, तर मनात टोचत राहतं की या वेळात एक कॉलम (मिश्रणातून हवा तो पदार्थ वेगळा करायचं काम) झाला असता. वेळ काढू कसा?

आधी एक आठवडा वहीत दर अर्ध्या तासाला एक शब्द लिही: तेव्हा तू काय करत होतास. माझ्या एका विद्यार्थ्याला मी हे करायला लावलं होतं. बारा तासांतले जेमतेम सहा तास त्याचे हात कामात होते. उरलेला वेळ थांबण्यात जात होता. मशीन मोकळं होण्याची वाट, सेंट्रिफ्यूज संपण्याची वाट, सर मीटिंगमधून येण्याची वाट. तुझ्याकडे रोटा, म्हणजे सॉल्व्हंट उडवायचं मशीन, रिकामा होण्याची आणि रेणूची रचना तपासणाऱ्या एनएमआर यंत्राच्या स्लॉटची वाट असेल. हा वेळ खुर्चीत मोबाइल बघत जातो. त्यात काम होत नाही आणि विश्रांतीही मिळत नाही. तुझा खेळ इथे बुडतोय.

कॉलमचं म्हणशील, तर रात्री अकराला लावलेल्या कॉलमचं काय होतं ते मी पाहिलंय. शेजारच्या लॅबमधल्या एका मुलीने दमलेल्या अवस्थेत फ्रॅक्शन्स, म्हणजे कॉलममधून वेगळे होऊन आलेले भाग, जमवले आणि नको असलेला म्हणून जो फ्लास्क वेस्टच्या कॅनमध्ये ओतला, तोच हवा असलेला होता. सहा स्टेप्सचं, तीन आठवड्यांचं मटेरियल होतं. ती सिंकला टेकून उभी होती आणि तिच्या हातात तो रिकामा फ्लास्क तसाच होता. तिला कुणी रागावलं नाही, रागावण्यासारखं त्यात काही नव्हतंच. पण रात्रीचे ते दोन तास तिला तीन आठवड्यांना पडले.

आता उपाय. एनएमआरचा स्लॉट तू कधी चुकवत नाहीस, कारण तिथे तुझं नाव लिहिलेलं असतं आणि मागे दुसरा उभा असतो. खेळालाही तसंच बांधून घे. चौघांनी मिळून मंगळवार आणि शुक्रवार संध्याकाळचं कोर्ट महिनाभरासाठी घ्या, पैसे आगाऊ भरा, आणि डबल्सच खेळा. एक जण आला नाही तर तिघांचा खेळ मोडतो. इच्छाशक्तीवर माझा फारसा भरवसा नाही, वाट बघणाऱ्या माणसावर आहे. चालू रिॲक्शन वाऱ्यावर सोडून मात्र जायचं नाही. लॅबमेटला सांगायचं आणि हुडच्या, म्हणजे वाफा खेचून घेणाऱ्या कपाटाच्या, काचेवर कार्ड लावायचं: नाव, सॉल्व्हंट, तापमान, किती वाजता बंद करायची, फोन नंबर. त्याच्या खेळाच्या दिवशी त्याची रिॲक्शन तू बघायची.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, शिवाय दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा. डबल्सच्या दोन संध्याकाळी आणि एका सकाळी टेकडी एवढ्यात तुझी ती 150 मिनिटं भरतात. वजनाचं कारण बहुधा रात्री साडेदहाचं जेवणही आहे. मेस उघडी असताना, आठच्या आत जेव, मग हवं तर परत लॅबमध्ये जा.

टेकडीचं उगीच लिहिलं नाही. माझ्या पीएचडीच्या दिवसांत आम्ही तिघी सकाळी सहाला पंचवटीच्या बाजूने वेताळ टेकडी चढायचो. एकीचं फिजिक्स, दुसरी बँकेत. तेव्हा दोन महिने माझ्या पेशी मरत होत्या आणि लॅबमध्ये सगळे इन्क्युबेटरलाच दोष देत होते. फिजिक्सवाली एका सकाळी चढता चढता म्हणाली, “दिवाळीआधी बऱ्या होत्या ना? मग दिवाळीनंतर नवीन काय आलं?” पेशी वाढवायला घालतात त्या सीरमची बाटली नवीन होती, वेगळ्या लॉटची. मी त्या दिवशी धावतच खाली उतरले. हे लॅबमध्ये बसून मला सुचलं नसतं असं नाही, पण दोन महिन्यांत सुचलं नव्हतं हे खरं.

प्रश्न : मी कोल्हापुरात राहते, मराठीत पीएचडी करते. विषय जात्यावरच्या ओव्या. कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते, मुलगी चार वर्षांची आहे. वाचन-लेखन रात्री दहानंतर. दिवसाकाठी विषयावर बोलायला एक माणूस नसतं. कुणाच्या लग्नाला गेलं तर “कधी संपणार तुमचं?” एवढंच विचारतात, म्हणून जाणंच सोडलंय. पाठही धरली आहे.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. ज्या बायकांवर तुम्ही लिहिताय, त्या समोरासमोर बसून, एकाच खुंट्याला हात घालून दळायच्या. एकीने ओळ धरली की दुसरी ती पुढे न्यायची. त्या गाण्याचा अभ्यास तुम्ही मध्यरात्री एकटीने, दार लावून करताय. लॅबवाल्यांना निदान चहाला माणूस मिळतं. तुमच्या शाखेत एकटेपणा अभ्यासातच मुरलेला असतो, आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही.

विद्यापीठाच्या बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालयात तुमच्यासारख्या आणखी दोघी-तिघी नक्की सापडतील. मराठीच्याच हव्यात असं नाही. इतिहासाची, समाजशास्त्राची चालेल. दर शनिवारी एकीने चार पानं मोठ्याने वाचायची, बाकीच्यांनी ऐकायची, आणि मग रंकाळ्याला एक फेरी मारायची. मुलीला सोबत घेतलंत तरी चालेल. मोठ्याने वाचताना कच्चं वाक्य आपलं आपल्यालाच अडखळवतं, हा वरचा फायदा. पाठीसाठी मात्र फेरीवर भागवू नका, एकदा फिजिओथेरपिस्टला दाखवा. आणि रात्री पलंगावर लॅपटॉप मांडीवर घेऊन लिहीत असाल, तर ते आजपासून बंद करा.

ओव्या गोळा करायला गावी जाल तेव्हा रेकॉर्डर लावून लगेच परतू नका. त्या बायकांबरोबर शेतापर्यंत चालत जा. पाय मोकळे होतात आणि ओवीही वाटेतच आठवते.

नियमांचंही लिहिते, कारण उशीर होत असल्याची भीती तुमच्या प्रत्येक ओळीत आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) 2022च्या नियमांनुसार पीएचडीची कमाल मुदत 6 वर्षं आहे, तिच्यात पुनर्नोंदणीने वाढ मिळू शकते आणि स्त्री संशोधकांना आणखी 2 वर्षांची सवलत मिळू शकते. संपूर्ण काळात मिळून 240 दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजेचीही तरतूद आहे. तुमची नोंदणी कुठल्या वर्षीची, त्याप्रमाणे विद्यापीठात विचारून घ्या. ही सवलत मागण्यात लाजण्यासारखं काही नाही, ती तुमच्यासाठीच आहे.

आणि लग्नाला जा. “कधी संपणार?” म्हणणाऱ्यांना सांगा, “तिसरं प्रकरण संक्रांतीपर्यंत.” नेमकी तारीख ऐकली की पुढचा प्रश्न बहुतेक वेळा येत नाही. शिवाय मांडवात एखादी आजी भेटेलच, जिला ओव्या येतात.

प्रश्न : नागपूरची आहे, जर्मनीत हायडलबर्गला पीएचडी करते, दुसरा हिवाळा. इथले सहकारी पाचला घरी जातात, मी एकटी रात्रीपर्यंत थांबते. रूमवर गेले की आईला फोन लावते. मैत्रीण अशी एकही नाही.

डिसेंबरात तिकडे साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि तू लॅबमधून निघतेस तेव्हा अंधार पडून कितीतरी तास झालेले असतात. म्हणून पहिलं काम दुपारचं. जेवणाच्या सुटीत वीस मिनिटं नेकार नदीच्या काठाने चाल, पाऊस नसेल तर रोज. दुसरं, बाराला सगळे मेन्सात, म्हणजे विद्यापीठाच्या कँटीनमध्ये, जेवायला निघतात तेव्हा तूही नीघ, डबा घेऊन का होईना. तुला वेगळं बोलावणं येणार नाही, पण आलीस तर सगळे सरकून जागा करतील. तिथे मैत्री हळूहळू होते, आणि तीच तीच माणसं दर आठवड्याला भेटली की होते. विद्यापीठाचा ‘होखशुलश्पोर्ट’, म्हणजे खेळांचे वर्ग, त्यासाठी सोन्यासारखा आहे. सत्राच्या सुरुवातीला नाव नोंदवावं लागतं, लोकप्रिय वर्ग लवकर भरतात. एकटीने करायचं जिम घेऊ नकोस, व्हॉलीबॉल घे किंवा नाच घे.

आईचा फोन तोडू नकोस, पण त्याची वेळ बदल. हिवाळ्यात तुमच्यात साडेचार तासांचा फरक आहे, तुझे संध्याकाळचे सहा म्हणजे नागपुरात साडेदहा. आई झोप आवरून बोलत असणार. सकाळी लॅबकडे चालताना बोल, तिकडे दुपार असते. मग संध्याकाळ माणसांसाठी मोकळी राहते. गणपतीला मराठी मंडळात जरूर जा. पण वर्षातल्या एका दिवसावर हिवाळा निघत नाही.

प्रश्न : गाईड रविवारीही बोलावतात. सुटी मागितली की चेहरा पडतो. काय करू?

तोंडी मागू नकोस. पुढच्या चार आठवड्यांचं काम तारखांसकट एका पानावर लिहून दे आणि त्यातच रविवार मोकळे दाखव. पान पाहिलं की बहुतेक गाईड निवळतात, त्यांची भीती काम रखडण्याची असते. तरीही भागलं नाही, तर प्रत्येक सत्रात संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगती मांडायची असतेच. त्या समितीतल्या एखाद्या विश्वासाच्या सदस्याशी आधी एकट्याने बोल.

प्रश्न : आम्ही लातूरला असतो. मुलगा पवईला पीएचडीच्या चौथ्या वर्षात आहे. दोन महिने फोन क्वचितच उचलतो, “बिझी आहे” म्हणतो. दिवाळीला आला नाही. त्याची आई रडते. रागावू की सोडून देऊ?

दोन्ही करू नका, जाऊन या. काम जास्त असलं की मुलं फोन कमी करतात, ते समजण्यासारखं आहे. पण दिवाळीलाही न येणं, दोन महिने हेच चालणं, याची मी काळजी करेन. रात्रीची लातूर–मुंबई एक्स्प्रेस पकडा, त्याला आधी कळवा आणि दोन दिवस राहा. त्याची झोप, जेवण, खोली कशी आहे ते नजरेने बघा. कॅम्पसमध्ये त्याच्याबरोबर निवांत चाला. समोरासमोर बसून मुलगे बोलत नाहीत, शेजारी चालताना बोलतात. जगणं नकोसं झाल्याचं काहीही त्याच्या बोलण्यात आलं, तर त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी संस्थेच्या समुपदेशकाकडे त्याच्यासोबत जा. सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा नंबर चोवीस तास चालू असतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. तुम्ही दोघंही त्यावर बोलू शकता.

त्याच्या आईने दिवाळीचं थोडं राखून ठेवलं असेल तर घेऊन जा, त्याच्या लॅबमेट्सनाही पुरेल एवढं. त्यांच्यातल्या एकाचा नंबर त्याला सांगून घ्या. आणि “थीसिस कुठवर आली?” हे परतीच्या गाडीत बसेपर्यंत विचारू नका.