प्रत्येक पीडीयूला वेगळा स्विच पोर्ट द्यावाच लागतो का? नेटवर्किंगचा खर्च कसा कमी करता येईल?

तुमच्या डेटा सेंटरच्या हॉलमध्ये 60 रॅक आहेत. प्रत्येकात ए आणि बी फीडचा (वीजपुरवठ्याच्या दोन स्वतंत्र लाइनचा) एकेक पीडीयू, म्हणजे रॅकमधल्या सर्व्हरना वीज वाटणारी आणि तिची मोजणी नेटवर्कवर पाठवणारी पट्टी, असे एकूण 120. नेटवर्क टीम 120 पोर्ट, 120 आयपी आणि तितक्याच लांब केबल मागते आहे आणि हे टाळता येईल का, असं तुम्ही विचारलंय. टाळता येईल. पण एका ठिकाणी घाई करू नका, ते खाली सांगतो.

पीडीयू पाठवतो तरी काय? करंट, व्होल्टेज, किलोवॅट-तास, फार तर तापमान आणि आर्द्रता. एवढ्यासाठी 100 एमबीपीएसचा पोर्टसुद्धा खूप झाला. तरी 120 पोर्ट म्हटले की 48 पोर्टचे तीन स्विच आले, पॅच पॅनेल आले, प्रत्येक रॅकपासून केबल ओढण्याची आणि तपासण्याची मजुरी आली. माझ्या अनुभवात स्विचपेक्षा केबलिंगच जास्त खातं.

हल्ली बऱ्याच नेटवर्क पीडीयूंना दोन इथरनेट पोर्ट असतात. शेजारच्या रॅकमधल्या पीडीयूला छोटी पॅच कॉर्ड जोडत जायचं आणि साखळीचं एक टोक स्विचला न्यायचं. एका साखळीत किती पीडीयू चालतात हे मॉडेलवर असतं. कुठे 4, कुठे 8, कुठे त्याहून जास्त. हा आकडा खरेदीआधी लेखी घ्या.

आता ती घाई. आम्ही पहिल्यांदा साखळी केली तेव्हा कॉर्ड कमी लागाव्यात म्हणून रॅकमधला ए पीडीयू, मग बी, मग पुढच्या रॅकचा ए, पुन्हा बी अशी ओवत गेलो. दिसायला अगदी नीटनेटकं. काही महिन्यांनी देखभालीसाठी ए फीड ठरवून बंद केला. ए पीडीयूंचे कंट्रोलर (रीडिंग नेटवर्कवर पाठवणारे भाग) बंद पडले, साखळी जागोजागी तुटली आणि चालू असलेल्या बी पीडीयूंचंही रीडिंग यायचं थांबलं. ए गेल्यावर सगळा भार बीवर येतो, म्हणजे बीचा करंट बघायची खरी गरज त्याच क्षणी असते. मी टॉर्च घेऊन रांगेतून फिरत एकेका पीडीयूच्या डिस्प्लेवरचे आकडे वाचत होतो. एकावर 29 अँपिअर दिसले, ब्रेकर 32चा. त्या रॅकमधले दोन सर्व्हर बंद करायला लावले तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

म्हणून ए पीडीयूंची साखळी वेगळी, बीची वेगळी. दोन्ही वेगळ्या स्विचवर, ते स्विचही आपापल्या फीडवर, आणि बीच्या स्विचचा अपलिंक (मुख्य नेटवर्ककडे जाणारी जोडणी) एच्या स्विचमधून अजिबात नेऊ नका. काही पीडीयू शेजाऱ्याच्या कंट्रोलरला त्याच कॉर्डमधून वीज पुरवतात, ते चांगलंच, पण मांडणी त्याच्या भरवशावर ठेवू नये.

तुमच्याकडे पाच-पाच पीडीयूंच्या साखळ्या केल्या तर 12 साखळ्या एच्या, 12 बीच्या. एकच टोक जोडलं तर एकूण 24 पोर्ट. दोन्ही टोकं जोडून रिंग केली तर 48, म्हणजे 24 पोर्टचे दोन साधे मॅनेज्ड स्विच, अपलिंकचे पोर्ट वेगळे असलेले. मी रिंगच घेईन. उघड्या साखळीत मधला एक कंट्रोलर बिघडला की पुढचे सगळे दिसेनासे होतात, रिंगमध्ये ते दुसऱ्या बाजूने दिसत राहतात. मात्र पीडीयूमध्ये आरएसटीपी (लूप ओळखून एक जोडणी आपोआप थांबवणारा प्रोटोकॉल) नसेल तर रिंग जोडू नका, लूप होऊन स्विच ब्रॉडकास्टने भरून जाईल.

नेटवर्क टीमला दोन गोष्टी आधीच सांगा. पोर्टवर बीपीडीयू गार्ड (आरएसटीपीचे संदेश आले की पोर्ट बंद करणारी सोय) लावलेला असेल तर रिंग जोडताच तो पोर्ट बंद करेल. आणि पोर्ट सिक्युरिटीत एकाच उपकरणाच्या मॅक अ‍ॅड्रेसची मर्यादा असेल तर साखळीतला दुसरा पीडीयू अडेल. आमचा अर्धा दिवस ‘पीडीयूच खराब आलेत’ या समजुतीत गेला होता. शिवाय जुने 100 एमबीपीएसचे पीडीयू सर्व्हरच्या नव्या 25 गिगाबिट स्विचवर चालतील असं धरू नका, त्यांचे पोर्ट इतक्या खालच्या वेगाला बहुधा उतरत नाहीत.

आयपीचं म्हणाल तर काही मॉडेलमध्ये साखळीचा प्रमुख पीडीयू एकाच आयपीवरून सगळ्यांची माहिती देतो. आयपी वाचतात, पण प्रमुख गेला तर सगळेच गेले. खासगी पत्त्यांचा तुटवडा नसेल तर प्रत्येकाला वेगळा आयपी ठेवा, बिघाड शोधणं खूप सोपं जातं. मॉनिटरिंग सॉफ्टवेअरचं लायसन्स आयपीवर आहे की उपकरणावर, एवढं मात्र विचारून घ्या.

तापमानाचे सेन्सर पीडीयूच्याच सेन्सर पोर्टला लावा, त्यांच्यासाठी वेगळं नेटवर्क उपकरण लागत नाही. आणि हे सगळं वेगळ्या व्हीलॅनवर (त्याच स्विचवर वेगळ्या काढलेल्या आभासी नेटवर्कवर), फॅक्टरीचा पासवर्ड बदलून. ज्यांचे आउटलेट दुरून बंद करता येतात अशा पीडीयूंच्या बाबतीत तर यात तडजोड नको.

काम ताब्यात घेण्याआधी, सर्व्हर चढवायच्या आत, ठेकेदारासमोर पूर्ण ए फीड बंद करा आणि स्क्रीनवर बीचे साठच्या साठ पीडीयू दिसतात का ते मोजा. मग ए चालू करून प्रत्येक रिंगमधली एकेक कॉर्ड उपसून बघा.