पिकअप फोर-व्हीलमधून सुटत नाही, नॉब टू-व्हीलवर असूनही दिवा जळतो. ट्रान्सफर केस खोलावी का?

थांबा, आत्ताच काही खोलू नका.

तुम्ही लिहिलंय की सोयाबीनची पोती रानातून काढताना फोर-व्हील टाकली. डांबरीला लागल्यावर नॉब टू-व्हीलवर फिरवला, तरी दिवा लुकलुकतोच. वळणावर स्टेअरिंग जड लागतं, मागून कुणी धरून ठेवल्यासारखी गाडी अडते आणि गॅरेजवाला ट्रान्सफर केस (गिअरबॉक्सला जोडलेली, पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटून देणारी पेटी) खोलायला सांगतोय. माझी पिकअप जिंतूरकडच्या काळ्या रानात चालते. हेच दुखणं माझ्याकडे दोनदा आलं आणि दोन्ही वेळा ट्रान्सफर केस न खोलता गेलं.

बहुतेक वेळा यात मोडलेलं काही नसतं, पीळ बसलेला असतो. आपल्या बहुतेक पिकअपमध्ये फोर-व्हील टाकली की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना जखडले जातात, मध्ये फरक सांभाळणारं डिफरन्शियल नसतं. वळताना मात्र पुढची चाकं मोठ्या फेऱ्यानं जातात. दोन्ही धुऱ्यांत ३ मीटर अंतर धरा आणि मागची धुरी ६ मीटर त्रिज्येच्या फेऱ्यात वळतेय असं समजा. पुढचीचा फेरा ६.७ मीटर त्रिज्येचा होतो, म्हणजे एका काटकोनी वळणातच ती मीटरभर जास्त चालते. चिखलात चाक थोडं घसरतं नि हिशेब मिटतो. डांबरावर ते घसरत नाही, मग तो सगळा फरक शाफ्टमध्ये साठत जातो. चऱ्हाट वळताना एक टोक घट्ट धरून दुसरं फिरवत राहिलं की ते ताठ होतं, अगदी तसं. ट्रान्सफर केसमधली जी दातेरी कडी सरकून पुढचा शाफ्ट मोकळा करते, तिचे दात त्या ताणाखाली इतके दाबले जातात की तिला सरकवणारी नॉबची मोटर असो की हाताची लिव्हर, ती हलतच नाही.

म्हणून पहिलं काम पीळ उतरवायचं. गाडी मातीवर घ्या, रस्त्याकडेची मुरमाड पट्टीही चालेल. लो मध्ये (फोर-व्हीलचा कमी वेगाचा, जास्त जोराचा गिअर) अडकली असेल तर गाडी पूर्ण उभी करा, क्लच दाबून न्यूट्रल करा आणि आधी हाय मध्ये आणा. नॉब टू-व्हीलवर ठेवून दहा-पंधरा मीटर सावकाश रिव्हर्स घ्या. ज्या वळणानं आलात त्याच वळणानं मागे गेलात तर फारच उत्तम, चढलेला पीळ तसाच उलटा उतरतो. नाही सुटली तर पुढे जाताना स्टेअरिंग थोडं डावीकडे-उजवीकडे करा. पहिल्या वेळी मी परतीच्या पावसात, रानाला वापसा नसताना गाडी घातली होती आणि तशीच बरंच अंतर डांबरीवरून आणली. गावातल्या एका जुन्या ट्रॅक्टर ड्रायव्हरनं मला मागे घ्यायला लावलं. सीटखालून ‘खट्’ असा आवाज आला नि दिवा गेला.

दुसऱ्या वेळी रिव्हर्सनं काहीच झालं नाही. मग चावी ऑन करून मुलाला नॉब फिरवायला सांगितला आणि मी गाडीखाली कान देऊन पडलो. मोटरचा आवाजच नव्हता. हे कान देणं फार महत्त्वाचं आहे. मोटर घुरघुरते पण गाडी सुटत नाही, तेव्हा पीळ किंवा कडी सरकवणारा आतला दांडा. आवाजच नाही, तेव्हा फ्यूज, रिले, वायर किंवा उतरलेली बॅटरी. माझ्या ट्रान्सफर केसवरच्या मोटरभोवती पावसाळ्यातली काळी माती भरून ऑक्टोबरच्या उन्हात विटेसारखी झाली होती, पेचकसानं टोकरून काढावी लागली. (तिथे प्रेशरनं पाणी मारू नका, कनेक्टरमध्ये शिरतं.) बॅटरीची तार सोडून कनेक्टर ओढला, तर दोन पिनांवर मोरचुदासारखी हिरवी-निळी पूड. कॉन्टॅक्ट क्लीनर मारला, जुन्या टूथब्रशनं घासलं, वाळवून परत बसवला. नॉब फिरवताच मोटर बोलली.

तुमच्या गाडीला नॉबऐवजी लिव्हर असती तर तिच्या खालचा जोड आणि बुश बघा म्हटलं असतं, तिथेही हीच माती घट्ट बसते. काही गाड्यांत पुढची धुरी व्हॅक्यूमवर जोडली-सोडली जाते. तिथे रबरी नळी चिरली किंवा उंदरानं कुरतडली तरी पुढचं सुटत नाही.

टायर जरूर बघा. पुढे जुने घासलेले आणि मागे नवे टाकले असतील, तर त्रिज्येत ५ मिलिमीटरचा फरकसुद्धा चाकाच्या एका फेऱ्याला तीन सेंटिमीटर होतो. मग सरळ रस्त्यावरही पीळ चढत राहतो. चारही टायर एकाच मापाचे, सारखे घासलेले आणि हवा कंपनीनं सांगितलेली हवी.

कधी कधी फोर-व्हील सुटलेली असते आणि नुसता दिवाच खोटं बोलतो, ट्रान्सफर केसवरचा स्विच बिघडलेला असतो. खात्री अशी करा: सपाट जागा, इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, गाडी गिअरमध्ये, मागच्या चाकांना दगड. पुढचं एकच चाक जॅकवर उचला नि खाली स्टँड लावा. चाक हातानं मोकळं फिरलं तर फोर-व्हील सुटलेली आहे. फिरलं नाही तर अजून जखडलेली. पीळ असेल तर चाक जमीन सोडताना झटक्यानं फिरतं, तेव्हा हात-पाय लांब ठेवा.

इतकं करूनही सुटली नाही, मोटरही धड चालतेय, तरच ट्रान्सफर केस खोलण्याचा विषय. तोवर अशी जखडलेली गाडी डांबरीवरून परभणीला नेऊ नका, शाफ्टचा क्रॉस, आतली चेन किंवा पुढचं डिफरन्शियल जाईल. दोन चाकं उचलून ओढूनही नेऊ नका. चारही चाकं वर येतील अशा गाडीवर चढवूनच न्या.