कंपनी विकायची आहे, पण जुना भागीदार फोन उचलत नाही

प्रश्न : पुण्यात आमची सॉफ्टवेअरची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे. एक परदेशी कंपनी १८० कोटींना सगळे शेअर्स घ्यायला तयार आहे. टर्मशीटवर (व्यवहाराच्या मुख्य अटींच्या प्राथमिक कागदावर) सही व्हायची आहे. १८ टक्के शेअर्स असलेला सहसंस्थापक चार वर्षांपूर्वी भांडून गेला, तो फोन उचलत नाही. सुरुवातीचा कोड एका फ्रीलान्सरने लिहिला. पैसे दिले, कागद केला नाही. दोन वर्षांपूर्वी परदेशातून आलेल्या ४ कोटींचं रिझर्व्ह बँकेकडचं रिपोर्टिंगही राहिलंय. आधी काय करू?

उत्तर : आधी टर्मशीटवरची सही थांबवा. दुसऱ्या कोणाशी बोलायचं नाही, अशी बहुधा ४५-६० दिवसांची अट तिच्यात असते. तेवढ्यात ही तिन्ही कामं उरकणार नाहीत, आणि राहिलेल्या प्रत्येक कामाचे पैसे समोरचे वकील तुमच्या किमतीतून कापतील.

कोडपासून सुरुवात करा. पैसे दिले म्हणजे कोड कंपनीचा झाला, असं नाही. कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार पगारी माणसाने कामाचा भाग म्हणून लिहिलेला कोड मालकाचा, फ्रीलान्सरने लिहिलेला त्याचा स्वतःचा. त्याच्या सहीचं लेखी असाइनमेंट (हक्क सोपवल्याचा करार) हवं, तेही कंपनीच्या नावे. इथे नेटवरचा नमुना घात करतो : मुदत लिहिली नाही तर हक्क ५ वर्षांपुरता, प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरता, आणि उलट काही लिहिलं नसेल तर वर्षभर न वापरलेला हक्क सुटतो. म्हणून ‘कायमस्वरूपी, जगभरासाठी, कलम १९(४) लागू नाही’ असं स्पष्ट लिहा, आणि मोबदल्याचा आकडाही घाला.

खरा पेच सहसंस्थापकाचा. ड्रॅग-अलाँगचं कलम (बहुसंख्य भागधारक विकत असतील तर बाकीच्यांनाही विकायला लावणारं) नुसतं शेअरहोल्डर करारात असून भागत नाही, ते आर्टिकल्समध्ये (कंपनीच्या नियमावलीत) आहे का ते बघा. शेअर हस्तांतरावरचं जे बंधन आर्टिकल्समध्ये नाही ते कंपनीवर बंधनकारक नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने रंगराज खटल्यात म्हटलं आहे. आर्टिकल्समध्ये असेल तर करारावर सही नसलेला भागधारकही बांधला जातो. नसेल तर विशेष ठरावाने ७५ टक्के मतांवर ते घालता येतं. बाकीचे ८२ टक्के एकत्र असतील तर मतं पुरतील. पण केवळ त्याला ओढून नेण्यासाठी आत्ता कलम घातलंत, तर १० टक्क्यांहून जास्त शेअर्सच्या बळावर तो कंपनी कायद्याच्या कलम २४१ खाली एनसीएलटीत (राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात) अन्यायाची तक्रार करू शकतो. खटला चालू असलेली कंपनी घ्यायला कोण धजावेल?

शिवाय डीमॅटची मेख आहेच. तुमची कंपनी कायद्याच्या व्याख्येत ‘लघु’ नसेल, तर कागदी शेअर्स विकण्याआधी डीमॅट करावे लागतात, आणि खातं त्याच्या नावावर. संचालकाने त्याच्या वतीने सही करावी असं आर्टिकल्समध्ये असलं, तरी तेवढ्यावर त्याच्या खात्यातले शेअर्स हलतीलच असं नाही. त्यामुळे बोलणीच करावी लागतील. फोनऐवजी वकिलामार्फत पत्र पाठवा. व्यवहार लपवून त्याचे शेअर्स स्वस्तात उचलण्याचा मोह मात्र टाळा. किंमत कळली की फसवणुकीच्या मुद्द्यावर तो करार रद्द करून मागेल. सर्वांना मिळेल तीच किंमत द्या, आणि कंपनीवर कोणताही दावा उरला नसल्याचा कागद त्याच वेळी घ्या. शेअर्सऐवजी अख्खा व्यवसाय विकणं ही पळवाट आहे, पण पैसा कंपनीत येतो : तिथे एकदा कर, तुमच्या हातात येताना पुन्हा.

रिझर्व्ह बँकेचं प्रकरण त्यामानाने हलकं. शेअर्स वाटल्यापासून ३० दिवसांत एफसी-जीपीआर हा फॉर्म भरायचा असतो. उशिराची फी ७,५०० रुपये अधिक रकमेच्या ०.०२५ टक्के गुणिले उशिराची वर्षं. ४ कोटी आणि दोन वर्षं धरली तर २७,५०० रुपये. ही सोय देय तारखेपासून तीन वर्षंच. त्यानंतर कंपाउंडिंगचा (रक्कम भरून चूक मिटवण्याचा) अर्ज.

खरेदीदार परदेशी असल्याने उधारीलाही मर्यादा आहे : मोबदल्याच्या २५ टक्क्यांपेक्षा जास्त भाग मागे ठेवता येत नाही, तोही करारापासून १८ महिन्यांत द्यावा लागतो. ‘३० टक्के तीन वर्षांनी’ असा प्रस्ताव आला तर तो या चौकटीत बसत नाही.

सहसंस्थापकाला आकडा कळवण्याआधी कंपनीत गुंतवणूकदार असेल तर त्याचा लिक्विडेशन प्रेफरन्स (विक्रीच्या पैशातून आधी आपली रक्कम घेण्याचा हक्क) वाचा. समजा त्याने ४० कोटी घालून २५ टक्के घेतलेत. प्रेफरन्स एकपट आणि नॉन-पार्टिसिपेटिंग (आपली रक्कम किंवा शेअर्सचा वाटा, दोन्हींपैकी एकच) असेल तर तो शेअर्स रूपांतरित करून ४५ कोटी घेईल. पार्टिसिपेटिंग (दोन्ही मिळणारा) असेल तर आधी ४०, मग उरलेल्या १४० चे २५ टक्के, म्हणजे एकूण ७५. ईसॉप (कर्मचाऱ्यांसाठी राखलेले शेअर्स) धरून १८ टक्के मोजले, तर तुमच्या सहसंस्थापकाचा वाटा पहिल्या हिशेबात ३२.४ कोटी, दुसऱ्यात २५.२ कोटी. पत्रात चुकून पहिला आकडा गेला, तर फरकाचे ७.२ कोटी तो तुमच्याकडे मागेल.