स्टेंट उघडा, तरी छातीत दुखतं

प्रश्न: हार्ट अटॅकनंतर वडिलांना स्टेंट घातला. तो उघडा आहे म्हणतात, तरी चालताना त्यांची छाती भरून येते. असं का?

उत्तर: अँजिओग्राफीत मोठ्या धमन्या दिसतात, अर्ध्या मिलिमीटरहून बारीक रक्तवाहिन्या दिसत नाहीत. अटॅकमध्ये अनेकदा त्यांनाच इजा होते: गुठळीचे कण अडकतात, पेशी सुजतात, गरजेच्या वेळी वाहिन्या पुरेशा सैलावत नाहीत. अर्थात दुसऱ्या धमनीत अडथळा नाही ना, हे आधी तपासायलाच हवं. मग धमनीत बारीक वायर सरकवून, वाहिन्या सैलावणारं औषध अ‍ॅडेनोसिन देऊन प्रवाह किती वाढतो ते मोजतात. तो दुप्पटही झाला नाही, तर दोष बहुधा बारीक वाहिन्यांत. तंबाखू पूर्ण बंद करा. गोळ्या मात्र परस्पर थांबवू नका. बसल्या जागी दुखलं, तर तडक रुग्णालय गाठा.